गावरान अंडे आणि अंगणातली माती

आठवडी बाजारात टोपलीत भुसा घालून मांडलेली लहान, तपकिरी अंडी दिसली की गिऱ्हाईक थांबते. पोल्ट्रीच्या अंड्याच्या दुप्पट भाव सांगितला तरी फारशी घासाघीस होत नाही. बाळंतिणीला, दुखण्यातून उठलेल्या माणसाला, वाढत्या वयाच्या मुलाला गावरानच अंडे द्यावे ही समजूत महाराष्ट्रात इतकी मुरली आहे की तिला जाहिरातीची गरज पडत नाही. शहरातल्या दुकानांनी आता तीच समजूत खोक्यात भरून, वर 'देशी' किंवा 'फ्री रेंज' अशी चिठ्ठी लावून विकायला घेतली आहे. मोकळी हिंडणारी, किडे आणि दाणे टिपणारी कोंबडी नैसर्गिक; आणि नैसर्गिक ते शुद्ध, असा हा सरळ हिशेब आहे.

चवीबद्दल वाद घालण्याचे कारण नाही. कोंबडीच्या जगण्याचा विचार केला तर पिंजऱ्यापेक्षा अंगण केव्हाही बरे. पण प्रश्न शिसे, कॅडमियम, आर्सेनिक यांसारख्या जड धातूंचा असेल तर 'गावरान' हा शब्द काहीही सांगत नाही. (काटेकोरपणे पाहिले तर आर्सेनिक पूर्ण धातू नव्हे, पण विषाच्या हिशेबात ते याच पंक्तीत बसते.) अंडे कुठल्या जातीच्या कोंबडीचे आहे किंवा ती मोकळी होती की कोंडलेली, यावरून त्यातला धातू ठरत नाही. तिने चोच कशात घातली, यावरून ठरतो.

ऑस्ट्रेलियातल्या सिडनी शहराने हे फार स्पष्टपणे पाहिले आहे. तिथे परसात चार-पाच कोंबड्या पाळण्याची हौस मोठी. आपल्या घरचे ताजे अंडे, मुलांना प्राण्यांचा लळा, उरलेसुरले अन्न वाया जात नाही, अशी त्यामागची कारणे कुठल्याही मराठी घराला पटतील अशीच आहेत. तिथल्या मॅक्वारी विद्यापीठातल्या संशोधकांनी शहरातल्या ५५ घरांच्या परसातली माती, कोंबड्यांचे रक्त आणि त्यांची अंडी तपासली. २०२२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. घरच्या अंड्यांत शिशाचे सरासरी प्रमाण किलोमागे ३०१ मायक्रोग्रॅम निघाले. दुकानातून आणलेल्या अंड्यांत ते होते ७.२ मायक्रोग्रॅम. म्हणजे हौसेने, मायेने मिळवलेल्या अंड्यात बाजारातल्या अंड्याच्या सुमारे ४० पट शिसे.

इथे एक गोष्ट नजरेतून निसटू नये. तुलनेसाठी घेतलेली दुकानातली अंडीही मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्यांचीच होती. तेव्हा या अभ्यासातून 'पिंजरा चांगला, अंगण वाईट' असा अर्थ काढणे चूक ठरेल. शहराबाहेरच्या मोकळ्या कुरणात फिरणारी कोंबडी आणि जुन्या शहराच्या पोटातल्या परसात फिरणारी कोंबडी, यांच्यात फरक होता तो मातीचा. शहराच्या जुन्या, मधल्या भागातल्या घरांत शिसे जास्त होते. त्या मातीत कित्येक दशकांच्या गाड्यांचा शिसेयुक्त पेट्रोलचा धूर बसला होता, जुन्या भिंतींवरून गळलेले रंगाचे पापुद्रे मिसळले होते. हवेतले शिसे वाऱ्याने जाते. मातीत बसलेले शिसे कुजत नाही, विरत नाही. पेट्रोल बदलले, रंग बदलले, घराचे मालकही बदलले; मातीतले शिसे मात्र आहे तिथेच राहिले आणि कोंबडी ते रोज टिपत राहिली.

३०१ मायक्रोग्रॅम हा आकडा कानाला फार वाटत नाही. ग्रॅमचा दहालाखावा भाग म्हणजे एक मायक्रोग्रॅम. पण एका अंड्यातला खायचा भाग साधारण ५० ग्रॅम धरला, तर एका अंड्यातून सुमारे १५ मायक्रोग्रॅम शिसे पोटात जाते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने लहान मुलांसाठी अन्नातून दिवसाला येणाऱ्या शिशाची जी संदर्भ पातळी ठरवली आहे, ती २.२ मायक्रोग्रॅम आहे. गर्भधारणेच्या वयातल्या स्त्रियांसाठी ८.८. म्हणजे सकाळच्या एका उकडलेल्या अंड्यात मुलाचा आठवडाभराचा वाटा संपला. दुकानातल्या अंड्यातून मात्र अर्ध्या मायक्रोग्रॅमपेक्षाही कमी येते. मुलांच्या मेंदूच्या वाढीवर शिशाचा परिणाम होतो आणि त्याची 'इथपर्यंत चालेल' अशी सुरक्षित पातळी सापडलेली नाही, हे जागतिक आरोग्य संघटना वर्षानुवर्षे सांगत आली आहे.

न्यूयॉर्कमध्येही असाच अनुभव आला. तिथल्या वस्त्यांमधल्या सामुदायिक बागांत पाळलेल्या कोंबड्यांची अंडी तपासली तेव्हा जवळपास निम्म्या अंड्यांत शिसे सापडले. प्रमाण सिडनीपेक्षा कमी होते, पण दिशा तीच.

शिसे अंड्यात शिरते कसे, हेही समजून घेण्यासारखे आहे. शरीराच्या दृष्टीने शिसे हे कॅल्शियमचे सोंग घेऊन येते. कॅल्शियम जिथे जाते तिथे तेही जाते, आणि हाडांत जाऊन बसते. आता अंडी घालणाऱ्या कोंबडीची गरज पाहा. एका अंड्याच्या कवचासाठी तिला सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम लागते, आणि तेही जवळपास रोज. एवढा पुरवठा दिवसाच्या दाण्यातून वेळेवर होत नाही, म्हणून निसर्गाने तिच्या लांब हाडांच्या पोकळीत कॅल्शियमची एक खास तिजोरी ठेवली आहे. ती रोज भरायची, रोज उपसायची. कॅल्शियमची इतकी हावरी उलाढाल दुसऱ्या कुठल्या पाळीव प्राण्यात क्वचितच असेल. त्या उलाढालीत शिसेही आत-बाहेर फिरते. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात एका लहान शेतावरच्या २० कोंबड्या जुन्या रंगाच्या पापुद्र्यांच्या संपर्कात आल्या होत्या. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या तपासणीत शिसे सापडले ते कवचात आणि बलकात. पांढऱ्या भागात नाही. म्हणजे मुलांना आवडीने भरवला जातो तो पिवळा भागच.

भरीला कोंबडीला दात नसतात. तिच्या पोटातला पेटा, म्हणजे खाटकाकडे कलेजीबरोबर मिळणारा तो चिवट गोळा, दाणे दळायचे काम करतो आणि त्यासाठी तिला खडे गिळावेच लागतात. रंगाचा पापुद्रा, सोल्डरचा थेंब, जळालेल्या वायरीची राख, बॅटरीच्या पत्र्याचा तुकडा, तिच्या लेखी सगळे खडेच. पेट्यात ते दिवसचे दिवस आम्लात घासले जातात.

या सगळ्यात सर्वांत फसवी बाब म्हणजे कोंबडी ठणठणीत दिसते. सिडनीतल्या जवळपास निम्म्या कोंबड्यांच्या रक्तात पशुवैद्याला काळजी वाटावी एवढे शिसे होते, पण त्या खात होत्या, हिंडत होत्या, अंडी देत होत्या. 'कोंबडीला काही झाले नाही, मग माणसाला काय होणार' हा तर्क किती महाग पडू शकतो, हे इराकने १९७१-७२ मध्ये पाहिले. पेरणीसाठी आलेल्या गव्हाला बुरशीनाशक म्हणून पाऱ्याचे संयुग लावलेले होते. सावध शेतकऱ्यांपैकी काहींनी तो गहू आधी कोंबड्यांना घालून पाहिला. काही दिवस वाट पाहिली. कोंबड्या मेल्या नाहीत. मग त्याच गव्हाच्या भाकऱ्या झाल्या. पाऱ्याचा हा प्रकार लक्षणे दाखवायला काही आठवडे घेतो. रुग्णालयांत ६,५३० लोक दाखल झाले आणि त्यांतले ४५९ दगावले. शेतकऱ्यांची चाचणी मूर्खपणाची नव्हती. झटपट मारणाऱ्या विषासाठी ती चालली असती. जड धातू तसे वागत नाहीत. त्यांना वास नाही, चव नाही. उकडून, तळून, धुऊन ते जात नाहीत. जिवाणू उष्णतेने मरतो. शिसे हे मूलद्रव्य आहे, त्याला मरण नाही.

एवढे वाचून पोल्ट्रीच्या अंड्याला शुद्धतेचे प्रमाणपत्र द्यायची घाई करू नये. पिंजऱ्यातल्या कोंबडीचा मातीशी संबंध तुटतो हे खरे, पण तिचे सगळे जग मग खाद्याच्या गव्हाणीत येते, आणि गव्हाणीत काय पडते ते माणूस ठरवतो.

याचे ठळक उदाहरण अमेरिकेचेच. तिथे १९४४ साली रॉक्सार्सोन नावाच्या औषधाला कोंबड्यांच्या खाद्यात मिसळण्याची परवानगी मिळाली. ते आर्सेनिकचे सेंद्रिय संयुग. रक्ती हगवण आटोक्यात राहायची, कमी खाद्यात वजन भरायचे आणि मांसाला गुलाबी झाक यायची. ही तिसरी गोष्ट आजाराशी संबंधित नव्हती, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांशी होती, हे ध्यानात ठेवण्यासारखे. आक्षेप कोणी घेतलाच तर उत्तर तयार असे: सेंद्रिय रूपातले आर्सेनिक फारसे विषारी नाही, आणि कोंबडी ते विष्ठेवाटे जसेच्या तसे टाकून देते.

हे उत्तर जवळजवळ ७० वर्षे पुरले. मग अन्न व औषध प्रशासनाच्या शास्त्रज्ञांनी सुधारित पद्धतीने कोंबड्यांची यकृते तपासली, तेव्हा रॉक्सार्सोन खाल्लेल्या कोंबड्यांत असेंद्रिय आर्सेनिक, म्हणजे कर्करोगकारक म्हणून ओळखले जाणारे रूप, जास्त सापडले. २०११ च्या जूनमध्ये ही माहिती जाहीर झाली आणि उत्पादक कंपनीने विक्री थांबवली. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी अमेरिकेतल्या १० शहरांच्या दुकानांतून कोंबडीचे मांस गोळा केले होते; त्यांनाही नेहमीच्या पद्धतीने वाढवलेल्या कोंबड्यांच्या मांसात असेंद्रिय आर्सेनिक जास्त मिळाले. २०१३ मध्ये रॉक्सार्सोनसह तीन आर्सेनिक औषधांची मान्यता रद्द झाली. या कुळातले शेवटचे, टर्कींना दिले जाणारे नायटार्सोन, २०१५ अखेर बाजारातून गेले. आणि 'विष्ठेवाटे टाकून देते' यातही अर्धीच गोष्ट सांगितलेली होती. ती विष्ठा कोंबडीखत म्हणून शेतात जात होती.

अमेरिकेला इतकी वर्षे लागली ती प्रयोगशाळा नव्हत्या म्हणून नव्हे. प्रश्न विचारणे कोणाच्याच फायद्याचे नव्हते. स्वस्त कोंबडी सर्वांना हवी होती.

दक्षिण आशियातले उदाहरण अधिक उघडे-वाघडे आहे. ढाक्याच्या हजारीबागमध्ये चामड्याचे कारखाने दाटीने वसलेले होते. कातडे कमावण्यासाठी क्रोमियमचे क्षार वापरतात. कमावलेले चामडे तासताना निघणारे तुकडे आणि चुरा म्हणजे शुद्ध प्रथिनच, फक्त क्रोमियमने भिजलेले. हा कचरा फुकटात किंवा नाममात्र किमतीत मिळे. तो उकळायचा, उन्हात वाळवायचा, कुटायचा आणि कोंबड्यांच्या व माशांच्या खाद्यात प्रथिनांचा स्रोत म्हणून विकायचा, असा धंदा तिथे उभा राहिला. ढाका विद्यापीठातल्या रसायनशास्त्रज्ञांनी अशा खाद्यात आणि ते खाल्लेल्या कोंबड्यांत क्रोमियम मोजून दाखवले. २०११ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने हे कारखाने बंद करण्याचा आदेश दिला. चामड्याचे कारखाने सावरला हलले ते २०१७ मध्ये.

हजारीबागची गोष्ट ऐकून नाक मुरडणे सोपे आहे. पण त्यामागचे गणित सगळीकडे सारखेच असते. अंडे किंवा कोंबडी तयार करण्याच्या खर्चात निम्म्याहून जास्त वाटा खाद्याचा असतो. मका आणि सोयापेंड महागली की स्वस्त पर्याय शोधले जातात. शिवाय खाद्यात मका-सोया एवढेच नसते. शिंपल्याचा चुरा, चुनखडी, डायकॅल्शियम फॉस्फेट, जस्त-तांबे-मँगनीजची खनिज मिश्रणे असतात. फॉस्फेटच्या खडकात कॅडमियम निसर्गतःच असते. खनिज नीट शुद्ध केले नाही तर ते खाद्यात उतरते आणि पक्ष्याच्या यकृतात व मूत्रपिंडात साठते. म्हणूनच युरोपीय संघाने २००२ सालीच पशुखाद्यातल्या आर्सेनिक, शिसे, कॅडमियम, पारा यांच्यासाठी घटकवार मर्यादा घालून दिल्या. अंडे तपासण्यापेक्षा खाद्याचे पोते तपासणे केव्हाही शहाणपणाचे. एका पोत्यातून हजारो अंडी निघतात.

तेव्हा 'गावरान की पोल्ट्रीचे' हा घरोघरी रंगणारा वाद या प्रश्नापुरता निरर्थक आहे. विचारायचे ते वेगळेच: या कोंबडीच्या पायाखाली काय आहे, आणि तिच्या गव्हाणीत काय पडते?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर भारतात सहज घेण्यासारखे नाही. शिसेयुक्त पेट्रोल इथे २००० साली पूर्ण बंद झाले, म्हणजे त्याआधीच्या सगळ्या वर्षांचा धूर मोठ्या रस्त्यांच्या कडेच्या मातीत आहे. घरगुती रंगांतल्या शिशावर १० लाख भागांत ९० भागांची मर्यादा लागू झाली ती नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधी रंगवलेली दारे, खिडक्या, गजाची कुंपणे अजून उभी आहेत आणि त्यांचे पापुद्रे रोज खाली पडताहेत. जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे वितळवण्याच्या उघड्या भट्ट्या हा तर सर्वांत वाईट प्रकार. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, पण भंगाराच्या धंद्याचा मोठा भाग अजून नोंदणीच्या बाहेरच चालतो. युनिसेफ आणि 'प्युअर अर्थ' या संस्थेने २०२० मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार जगात सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात शिसे डेसिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त आहे, आणि त्यांतली सुमारे २७.५ कोटी मुले भारतातली आहेत. या मुलांना शिसे अंड्यांतून मिळाले असा याचा अर्थ नाही. ते धुळीतून, भांड्यांतून, मसाल्यांतून, रंगांतून, भट्ट्यांतून येते. पण त्याच मातीत कोंबड्याही हिंडतात.

डोंगरकपारीतल्या वाडीवर, जिथे रस्ता नाही, भट्टी नाही, रंगवलेली भिंतही नाही, तिथल्या कोंबडीबद्दल शंका घ्यायचे कारण नाही. शंका घ्यायची ती शहराच्या कडेला, गॅरेजच्या मागे, भंगाराच्या दुकानाशेजारी, कचरा जाळण्याच्या जागी हिंडणाऱ्या कोंबडीची. तीही दिसायला गावरानच. तिचे अंडेही तपकिरी. आणि ते बहुधा बाजारात जातच नाही. ज्या घरात पोषणाची चणचण सर्वांत जास्त, त्या घरातल्या लेकरांच्या ताटात जाते.

माती तपासायची सोय भारतात आहे, आणि ती चांगली पसरलेली आहे. २०१५ पासून शेतकऱ्यांना मृदा आरोग्य पत्रिका मिळते. तिच्यात १२ घटक असतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मँगनीज, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. शिसे त्यात नाही, कॅडमियमही नाही. पिकाला काय हवे ते पत्रिका सांगते. पिकात काय नको ते सांगत नाही. सगळ्या शेतांसाठी हे दोन रकाने वाढवणे खर्चाचे होईल, हा आक्षेप रास्त आहे. पण भंगार वस्त्या, जुन्या औद्योगिक वसाहती, बॅटऱ्यांचे पट्टे, महामार्गालगतची गावे एवढ्यांसाठी तरी ते वाढवता येतील. सिडनीत मॅक्वारी विद्यापीठाने नागरिकांच्या परसातली माती फुकट तपासून देण्याचा उपक्रम २०१३ पासून चालवला, आणि कोंबड्यांचा अभ्यास त्याच वाटेवरून पुढे गेला. महाराष्ट्रात राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली अशी चार कृषी विद्यापीठे आहेत. परसातली कुक्कुटपालने वाढावीत म्हणून गिरिराज-वनराजची पिल्ले बचत गटांना वाटली जातात, लसीकरणाची वेळापत्रके दिली जातात. त्याच पिशवीत मातीच्या नमुन्याचे एक पाकीट घालणे फार अवघड नसावे.

सिडनीच्या संशोधकांनी आणखी एक अडचणीचा मुद्दा पुढे आणला. ऑस्ट्रेलियात निवासी जागेतल्या मातीसाठी शिशाची मर्यादा किलोमागे ३०० मिलिग्रॅम आहे. पण अंड्यातले शिसे किलोमागे १०० मायक्रोग्रॅमच्या खाली ठेवायचे तर मातीतले शिसे ११७ मिलिग्रॅमपेक्षा कमी हवे, असा त्यांचा हिशेब निघाला. म्हणजे माणसाला राहायला चालणारी माती कोंबडीला चरायला चालेलच असे नाही. इथे कधी नियम झाले तर ते घरबांधणीच्या मर्यादेवरून उचलून चालणार नाहीत.

आता उलट बाजूचा धोका, आणि तो लहान नाही. 'अंड्यात शिसे' एवढे चार शब्द फोनवर फिरायला लागले की सर्वांत आधी बंद होते ते गरीब घरातले अंडे. २०१७ मध्ये कोलकात्यातून प्लास्टिकच्या अंड्यांची अफवा उठली आणि देशभर पसरली. अजूनही ती मधूनच डोके वर काढते. प्लास्टिकचे अंडे अस्तित्वातच नव्हते. शिशाचा प्रश्न खरा आहे, म्हणूनच तो जास्त जपून हाताळायला हवा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षे वयाची ६८.९ टक्के मुले रक्तक्षयी आहेत. शरीरात लोह किंवा कॅल्शियम कमी असेल तर आतडे शिसे अधिक शोषून घेते. म्हणजे मुलाचे एकूण पोषण सुधारणे हेच शिशाविरुद्धचे एक संरक्षण आहे, आणि अंडे त्या पोषणाचे स्वस्त साधन आहे. राज्य सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे द्यायचे ठरवले आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा वेगळा निधी बंद केला. धातूंच्या नावाखाली त्या निर्णयाला आणखी एक सबब मिळू नये. लेयर फार्मवरून येणारे, तपासलेल्या खाद्यावर वाढलेल्या कोंबडीचे अंडे शाळेत द्यायला काहीच हरकत नाही.

कलेजीचे तसे नाही, तिथे थोडा विचार हवा. रक्त वाढावे म्हणून गरोदर बाईला कलेजी देण्याची पद्धत चांगली आहे, त्यात लोह भरपूर असते. पण धातू साठण्याची जागाही तीच. सहा आठवड्यांत विक्रीला येणाऱ्या ब्रॉयलरमध्ये ते साठायला वेळ कमी मिळतो. भंगार वस्तीत दोन-तीन वर्षे चरलेल्या, अंडी आटल्यावर कापलेल्या कोंबडीचे तसे नसते. तिची कलेजी गरोदर बाईच्या आणि लहान मुलाच्या ताटात नको.

घरी कोंबड्या पाळणाऱ्याला प्रयोगशाळेची वाट न पाहता बरेच करता येते. खुराडे जुन्या रंगाच्या भिंतीपासून, गॅरेजपासून आणि रहदारीच्या रस्त्यापासून दूर हवे. दाणे जमिनीवर उधळण्याची सवय मोडून ते परातीत घालावेत. कोंबडी दाण्याबरोबर माती कमी खाते. कोंबड्या जिथे उकरतात तिथे कचरा, विशेषतः वायरी आणि रंगवलेले लाकूड, जाळू नये. माती संशयास्पद असेल तर खात्रीच्या जागेची माती आणून जाड थर द्यावा. शिंपल्याचा चुरा मुबलक ठेवावा, कारण कॅल्शियम पुरेसे मिळाले की शिशाला आत शिरायला वाव कमी राहतो. अंड्याची कवचे कुटून कोंबड्यांना परत घालण्याची काटकसर एरवी कौतुकाची, पण अशा जागी ती बंद करावी, नाहीतर कवचातले शिसे पुन्हा त्याच पोटात जाते. आणि माती बदलल्यावर दुसऱ्या दिवशी अंडे स्वच्छ होईल अशी अपेक्षा नको. हाडांतली तिजोरी रिकामी व्हायला वेळ लागतो, तोवर जुने शिसे बलकात उतरत राहते.

पोल्ट्रीवाल्यांकडून मागायचे ते वेगळे. खाद्याच्या पोत्यावर प्रथिने, कॅल्शियम, फॉस्फरस यांचे आकडे छापलेले असतात, कारण शेतकरी ते विचारतो. शिसे, कॅडमियम आणि आर्सेनिकचे आकडे अंड्यांचे मोठे खरेदीदार विचारू शकतात, आणि त्यांत सर्वांत मोठे खरेदीदार व्हायची ताकद सरकारकडे आहे. शाळांसाठी अंड्यांची निविदा निघेल तेव्हा तिच्यात खाद्याच्या तपासणीचा एक कागद जोडण्याची अट घालायला कुठलाही नवा कायदा लागत नाही. त्यासाठी आधी निविदा मात्र निघावी लागेल.